तिसऱ्या कैचीखालची खुर्ची

"मॅडम, रिपोर्टात काय लिहायचं ते आधी ठरवून घेऊ, मग तुम्ही वर चढा."

हे वाक्य मी ठाण्यात ऐकलंय, डोंबिवलीत ऐकलंय आणि कल्याणमध्ये तर चहाबरोबर ऐकलंय. जुन्या इमारतींच्या लाकडी छपरांची तपासणी करणं हा माझा व्यवसाय. साठी ओलांडल्यावर शिडी चढणं कमी केलं, तरी फोन येतच असतात. फोन करणाऱ्याला एक तर छप्पर 'धोकादायक' ठरवून हवं असतं, म्हणजे पाडून टॉवर बांधता येतो. नाही तर 'सुस्थितीत' ठरवून हवं असतं, म्हणजे अजून काही वर्षं काहीच करावं लागत नाही. छप्पर खरोखर कसं आहे, ही माझी खासगी उत्सुकता समजली जाते.

कौलारू छपराखाली जो मोठा लाकडी त्रिकोण असतो त्याला कैची म्हणतात. एकदा एका विश्वस्तांना मी "कैची बघायला आलेय" म्हटलं, तर त्यांनी कपाटातून उद्घाटनाची कात्री काढून दिली. कैचीत दोन तिरपी लाकडं वर एकमेकांना टेकलेली असतात आणि कौलांचा भार घेऊन भिंतींवर उतरतात. भार आला की त्यांचे पाय बाहेर फाकायला बघतात. ते फाकू नयेत म्हणून खाली एक आडवी तुळई दोन्ही पायांना धरून ठेवते. दोन माणसं भांडून दोन दिशांना निघाली आणि मध्ये एकाने दोघांचे हात घट्ट धरले, तसं. तुळई आहे तोवर भिंती उभ्या राहतात.

तपासायचं काय, तर लाकूड आतून कुजलंय का. हातोडीने ठोकून आवाज ऐकायचा. निरोगी साग खणखणतो, वाळवी लागलेला पुठ्ठ्यासारखा बोलतो. टोचणीने टोचून बघायचं. सुईसारखं ड्रिल असलेलं एक यंत्र मिळतं, ते लाकडात शिरताना किती जोर लागला याचा आलेख काढतं. सर्वांत आधी बघायची ती भिंतीत शिरलेली टोकं, कारण पाणी तिथेच मुरतं. लोक मात्र घाबरतात ते लांबच लांब उभ्या चिरा बघून. त्या बहुतेक वेळा लाकूड वाळताना पडलेल्या असतात आणि माणसाच्या कपाळावरच्या आठ्यांइतक्याच निरुपद्रवी असतात.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. कोपरीत एका हॉटेलवाल्याने 'शंभर वर्षं जुन्या' कैच्या तपासायला बोलावलं. मी टेबलावर चढून एक ठोकली, तर डबा वाजला. प्लायवूडच्या पोकळ पेट्या, वर चॉकलेटी पॉलिश, आणि सगळा देखावा स्लॅबला टांगलेला. त्याला सर्टिफिकेट हवंच होतं. मी लिहून दिलं: 'या कैच्या छताचा कोणताही भार घेत नाहीत. छत मात्र यांचा भार घेत आहे.' त्याने ते फ्रेम करून गल्ल्यामागे लावलं. आत काय लिहिलंय ते वाचायला कोण थांबतं?

पण सांगायची गोष्ट आहे ती कल्याणची. पारनाक्याच्या बाजूला एका जुन्या संस्थेचं सभागृह होतं. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण माणसं चांगली आहेत आणि अजून भेटतात. इमारत संस्थेहून जुनी. मुळात कुणाची तरी वखार. वर सहा सागवानी कैच्या, मंगलोरी कौलं. संस्थेचा अमृतमहोत्सव तोंडावर आला होता, मंत्री येणार होते, आणि सभागृहाचं पुढे काय करायचं यावरून कार्यकारिणीत दोन तट पडले होते.

एका तटाचे प्रमुख अध्यक्ष भाऊसाहेब. बाजारात तीन पिढ्यांचं भांड्यांचं दुकान, आवाज मोठा, मन त्याहून थोडं मोठं. त्यांना तिथे टॉवर हवा होता, तळमजल्यावर एसी हॉल आणि वर फ्लॅट. दुसऱ्या तटाचे प्रमुख चिटणीस विद्वांस सर, मराठीचे निवृत्त शिक्षक. त्यांना 'वास्तू' जपायची होती. सभागृहाला कुणी 'हॉल' म्हटलं तरी ते दुखावत.

वर उद्धृत केलेलं वाक्य भाऊसाहेबांचंच. पुढे ते म्हणाले, "मी काय म्हणतो, धोकादायक लिहा. पण तारीख समारंभानंतरची टाका. उगाच मंत्र्यांना टेन्शन नको."

विद्वांस सरांनी मला जिन्यात गाठलं. "छप्पर उत्तम स्थितीत आहे हे आपण लिहालच. त्यात 'ब्रह्मदेशातून आणलेला साग' असा उल्लेख यावा, एवढीच विनंती."

"वासावरून साग आहे हे सांगता येईल सर. कुठून आला ते लाकूड सांगत नाही."

"मग 'असे म्हणतात' लिहा," सर म्हणाले. "'असे म्हणतात' मध्ये सगळं बसतं."

दोन वर्षांपूर्वी सभागृहात एसी बसला होता आणि त्यासाठी खाली पांढरं खोटं छत टांगलेलं होतं, त्यामुळे खालून एकही कैची दिसत नव्हती. मी शिडी लावून छताच्या झडपेतून वर गेले आणि टॉर्च पेटवली. पहिली कैची बघून जीव सुखावला. रुंद, सरळ रेषांचं लाकूड, लोखंडी पट्ट्या थोड्या गंजलेल्या, पण ठोकलं की घंटेसारखा आवाज. दुसरी तशीच. टोकं कोरडी. मला अशा वेळी, वखारीत बसून ही लाकडं निवडणाऱ्या अनोळखी माणसाला नमस्कार करावासा वाटतो.

मी तुळयांवरून पाय टाकत तिसऱ्या कैचीपाशी आले, आणि पुढचा पाय टाकायला तुळईच नव्हती.

एसीचं मोठं यंत्र तिथे बसवलेलं होतं. यंत्र उंच होतं आणि तुळई आड येत होती, म्हणून तुळईचा हातभर तुकडा करवतीने कापून काढला होता. सफाईने कापला होता, तेवढं श्रेय द्यायला हवं. दोन्ही कापलेल्या टोकांना पॉलिशही मारलं होतं. आता त्या कैचीचे पाय धरून ठेवणारं कुणी नव्हतं. शेजारच्या कैच्या आडव्या वाशांमधून तिला सावरून धरत होत्या, आणि बाकीचा जोर भिंतीवर. पलीकडच्या तीन कैच्याही मी ठोकून पाहिल्या, त्या ठणठणीत होत्या. मग खाली उतरून त्या जागी भिंतीकडे गेले. तिथे संस्थापकांची मोठी तसबीर होती. तसबीर बाजूला केली तर मागे लांब आडवी भेग, आणि भेगेत पांढरी पुट्टी भरलेली.

त्याच दुपारी कार्यालयात बैठक झाली. मी सांगितलं की लाकूड उत्तम आहे, पाच कैच्या अजून आपल्या सगळ्यांना पुरून उरतील, पण तिसऱ्या कैचीची तुळई कापलेली आहे. ती कैची कधी खाली येईल ते मी सांगू शकत नाही, आणि तोवर तिच्याखाली कुणी बसू नये.

दोघांचे चेहरे आधी खुलले. भाऊसाहेबांना धोका मिळाला होता आणि विद्वांस सरांना उत्तम लाकूड. मग दोघांना एकाच वेळी आठवलं की एसीचा ठराव दोन्ही तटांनी एकमताने केला होता. संस्थेच्या इतिहासातला तेवढाच एक.

"वाळवी लिहिता येईल का?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"वाळवी करवत वापरत नाही, भाऊसाहेब."

विद्वांस सरांनी चष्मा पुसला. "'कापली' हे क्रियापद जरा कठोर वाटतं. 'खंडित झाली' म्हणता येईल. त्यात कर्ता येत नाही."

मला सरांचं कौतुकच वाटलं. मी बत्तीस प्रकारे दोष लिहायला शिकले होते, पण कर्ता गाळण्याची सोय व्याकरणातच आहे हे तेव्हा प्रथम कळलं.

मग समारंभाचं निघालं. कागदावर आसनव्यवस्था काढली गेली. मंचावर मान्यवर; तो भाग पहिल्या कैचीखाली, सुरक्षित. पहिल्या दोन रांगांत देणगीदार, दुसऱ्या कैचीखाली, सुरक्षित. तिसऱ्या कैचीखाली 'महिला व इतर' असं लिहिलं होतं.

"यांना जरा मागे सरकवलं तर?" मी विचारलं.

"मागे बुफे आहे," भाऊसाहेब म्हणाले.

तेवढ्यात दारात सुलभाताई उभ्या दिसल्या. सुलभाताई सभागृहात रोज दुपारी बायकांचा योगवर्ग घेत. टेलिफोन खात्यातून निवृत्त, ठेंगणी, काळ्या फ्रेमचा चष्मा. वर्गाची वेळ झाली म्हणून आलेल्या आणि शेवटचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. आत येऊन त्यांनी कागद उलटा करून पाहिला आणि मला विचारलं, "हे तिसरं म्हणजे नक्की कुठे? आम्ही जिथे सतरंज्या घालतो तिथे?"

"हो."

"आणि तुम्हाला कधीपासून माहीत?"

"आज सकाळपासून."

मग त्या भाऊसाहेब आणि सरांकडे वळल्या. पर्समधून सभागृहाची त्यांच्याकडची दुसरी किल्ली काढली, टेबलावरची पहिली उचलली, दोन्ही एकत्र पर्समध्ये टाकल्या आणि चेन लावली. "वर्ग आजपासून मैदानात," म्हणाल्या आणि गेल्या.

पुढचे काही दिवस संस्थेत किल्लीशिवाय दुसरा विषय नव्हता. भाऊसाहेबांनी माणूस पाठवला, तर सुलभाताईंनी त्याला चहा देऊन परत पाठवला. कुलूप तोडावं तर ते दारावर देणगीदाखल बसवलेलं, त्यावर देणगीदाराचं नाव कोरलेलं; आणि तो देणगीदार पहिल्या रांगेत बसणार होता. मला एक फोन आला, आवाज गोड होता, की मॅडम, तुम्ही इतक्या अनुभवी, थोडं समजून घ्या. संस्थेने दुसरा सल्लागारही आणला. किल्ली नसल्याने त्याने खिडकीतून आत पाहून अहवाल दिला की छत एकंदरीत समाधानकारक आहे. खालून दिसणारं छत खोटं होतं, त्यामुळे त्याचं विधान अगदी खरं होतं.

मी काय केलं? पालिकेला पत्र दिलं. पोचपावती मिळाली.

मग भाऊसाहेबांनीच तोडगा काढला. त्यांचा निरोप आला: सुलभाताईंनी किल्ली घेऊन यावं, मॅडमनीही यावं, मी सर्वांसमोर तिसऱ्या कैचीखाली बसून दाखवतो. माणूस खोटा नव्हता. त्यांना खरोखर वाटत होतं की लाकूड म्हणजे लाकूड, इतकी वर्षं राहिलं ते आठवडाभर राहील. सुलभाताई आल्या, पण दार उघडण्याआधी मला म्हणाल्या, "बसू द्यायचं का त्यांना?"

"नको. पण ऐकणार नाहीत."

"मग मीही आत येते. उठवायला कुणी तरी लागेल."

आम्ही आत गेलो. मी खूप सांगून पाहिलं. भाऊसाहेबांनी स्वतः खुर्ची उचलून आणली, बरोबर यंत्राखाली ठेवली आणि वर्तमानपत्र उघडून बसले. कार्यकारिणी भिंतीला लागून उभी होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"या की," भाऊसाहेब पेपरमागून म्हणाले. "खुर्च्या पुष्कळ आहेत."

खजिनदारांना गुडघ्याचा त्रास होता, बसलं की उठवत नसे. सहचिटणिसांचा फोन वाजला, निदान त्यांनी तो कानाला लावला. एका सदस्यांनी एसीचा वारा सोसत नाही असं सांगितलं. एसी बंद होता. भाऊसाहेब एकेकाकडे पाहत होते आणि पेपरचं पान काही उलटत नव्हतं. मला पहिल्यांदाच तो माणूस म्हातारा दिसला.

विद्वांस सर दाराजवळ होते. ते पुढे आले, खुर्चीपर्यंत. मला वाटलं बसणार.

"भाऊसाहेब, उठा," सर म्हणाले. "मी होतो इथे कापताना. एसी बसवणारे मला म्हणाले की हे लाकूड नुसतं शोभेचं आहे. मला खरं वाटलं नव्हतं. पण मी काही बोललो नाही, कारण दुसऱ्या दिवशी एसीचं उद्घाटन होतं. त्यांनी कापली आणि मी बघत होतो."

सर पुढे म्हणाले, "कापलेला तुकडा तुमच्या टेबलावर आहे. तुमच्या नावाची पाटी त्याच्यावर बसवलीय. मीच सुचवलं होतं."

भाऊसाहेबांनी पेपरची घडी घातली. उठले. सुलभाताईंनी त्यांची खुर्ची उचलून भिंतीशी ठेवली आणि म्हणाल्या, "चला, बाहेर बसू." आणि बाहेर व्हरांड्यात सगळी कार्यकारिणी एका ओळीत, वर काँक्रीटचा स्लॅब आहे की नाही हे बघून बसली.

टेकू लावायला मी रघुनाथ मेस्त्रीला बोलावलं. हा मूळचा देवरुखकडचा, आता दिवा स्टेशनजवळ राहतो. कामात तरबेज आणि बोलण्यात त्याहून. उशिरा आला. "मॅडम, आज नळाला पाणी आलेलं," म्हणाला. "आठवड्यातून एकदा येतं, ते सोडून लाकडाला टेकू देत बसू का?" त्याने खोट्या छताचे तिथले तक्ते उतरवून कैचीखाली लोखंडी टेकू उभे केले, मग बाकीचं छत उतरवलं आणि यंत्र काढलं. तिसरी कैची पहिल्यांदा सगळ्यांना दिसली. मध्ये तोंड वासून हातभर फट.

"तो तुकडा आणा बघू," मी म्हटलं.

भाऊसाहेबांनी स्वतः आणला. पाटी काढून ठेवली होती. मेस्त्रीने शिडीवर चढून तो फटीत धरला. जिथून कापला होता तिथे तो घट्ट बसायला हवा होता. तो सैल होता. बाजूला मेस्त्रीची दोन बोटं आरामात गेली. दोन वर्षांत कैचीचे पाय तेवढे फाकले होते आणि भिंत तेवढी बाहेर गेली होती. मेस्त्रीने हात सोडला आणि तुकडा खालच्या सतरंजीवर पडला. तो कुणी उचलला नाही.

मला त्या क्षणी आनंद व्हायला हवा होता, कारण मी बरोबर होते. झाला नाही. डोळ्यांसमोर सतरंज्या येत होत्या.

अमृतमहोत्सव मैदानात मांडवात झाला. मंत्री उशिरा आले आणि त्यांनी वास्तुवारसा जपण्यावर बोलताना वर हात करून "हे छप्पर आपल्या पूर्वजांची देणगी आहे" असं सांगितलं. वर मांडववाल्याची निळी ताडपत्री होती. टाळ्या पडल्या. दुरुस्तीला पुढे काही महिने लागले. भिंत हळूहळू आत ओढून घेतली, तुळईत नवा सागाचा तुकडा सांधला आणि दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या बोल्ट केल्या. मेस्त्रीचा आग्रह होता की पट्ट्यांची गरज नाही, त्याचा सांधा पुरेसा आहे. आम्ही त्यावर भांडलो. पट्ट्या लागल्या, पण अजूनही भेटला की तो त्यांना 'मॅडमचे दागिने' म्हणतो. खोटं छत आणि एसी परत बसवले नाहीत. भाऊसाहेबांनी पंखे दिले आणि त्यांवर नाव घातलं नाही, याची कल्याणमध्ये अजून चर्चा होते. टॉवरचा ठराव त्यांनी मागे घेतला नाही, 'तूर्त तहकूब' केला. विद्वांस सरांनी चिटणीसपद सोडलं आणि ते मैदानातल्या वर्गाला बाहेरच्या बाकावर बसून सोबत करू लागले.

माझ्या धंद्यात शेवट इतका बरा क्वचित होतो. मी ज्यांना ठणठणीत म्हटलं त्यातली बरीच छपरं आज जागेवर नाहीत. ती पडली नाहीत, पाडली. ठाण्यातल्या अशा एका जागी आता पार्किंग आहे, आणि तिथली लाकडं कुणाच्या तरी फार्महाऊसमध्ये टेबलं झाली आहेत. मी तिथून जाताना रिक्षात मोबाइल बघत बसते.

सभागृह पुन्हा उघडल्यावर सुलभाताईंनी मला वर्गाला बोलावलं. व्यायाम संपला, बायका शवासनात उताण्या झोपल्या. आता खोटं छत नव्हतं, त्यामुळे डोळे मिटायचं सोडून सगळ्या वर बघत होत्या. पुढच्या रांगेतून पाटीलआजी म्हणाल्या, "मॅडम, त्या तिकोनाच्या मधी उभा खांब हाय, तो कशावर टेकलाय?"

"कशावरच नाही आजी. तो वरून लोंबकळतोय. सगळ्यांना वाटतं त्याने छप्पर पेललंय, पण तो नुसता टांगलेला असतो."

"मग त्याचा उपेग काय?"

"खालची तुळई मध्ये वाकू नये म्हणून तिला उचलून धरतो."

"म्हंजे उभा ऱ्हातो ऐटीत, टेकलेला कशावर नाय, पन खालचीला धरून तरी ठेवतो," आजी म्हणाल्या. "आमच्या घरातला निस्ता उभाच होता."

शवासनातल्या सगळ्या बायका एकदम हसल्या. कुणी पोट धरून कुशीवर वळल्या, सुलभाताई "शांत, शांत, श्वासाकडे लक्ष" म्हणता म्हणता स्वतःच चष्मा काढून डोळे पुसू लागल्या, बाहेरच्या बाकावरून विद्वांस सरांचं हसणं ऐकू आलं. जुन्या सवयीने मी वर पाहिलं. कौलांतून धुळीचा एक कणही खाली आला नाही.